पेल्यातली चेरी आणि पोत्यातली साखर



आपल्या पत्रिकेत लागण, खोडवा, पाचट, ठिबक या विषयांवर वरचेवर लिहिलं जातं, आणि ते लिहिलंच पाहिजे. पण या अंकात आम्ही जरा आडवाट धरणार आहोत. विषय आहे पेल्यात टाकायच्या लाल चेरीचा. परदेशात ती मद्याच्या मिश्रणात, ज्याला कॉकटेल म्हणतात त्यात, तळाशी बसलेली असते. आपल्याकडे ती मस्तानीच्या डोक्यावर, फालुद्यावर, मंगल कार्यालयातल्या सरबताच्या पेल्यात आणि काडीला टोचून गोड पानावर दिसते. ही चेरी घरी करता येते, आणि घरीच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, आपण ऊसवाले, चेरीशी आपला काय संबंध? संबंध असा, की साखरेत पूर्ण मुरवून कोरडी केलेली चेरी वजनाला लावली, तर शंभर ग्रॅममध्ये सत्तर ग्रॅमच्या आगेमागे साखरच निघते. बाकी थोडं पाणी, थोडा चोथा आणि रंग. म्हणजे दुकानात जी चेरी म्हणून विकली जाते, ती बव्हंशी आपलीच साखर लाल कपडे घालून बसलेली असते. तिच्याकडे पाहुण्यासारखं पाहायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप दारूचा. आपल्या सभासदांत माळकरी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या भावनेचा आम्हांला आदर आहे. पण आपल्या राज्यात मळीपासून मद्यार्क काढणारे सहकारी कारखाने काही थोडे नाहीत, तेव्हा पेल्याकडे पाहून एकदम नाक मुरडणं आपल्याला तरी शोभत नाही. शिवाय घरी केलेली चेरी कोकम सरबतात टाकली म्हणून कोकम काही बाटत नाही. अमेरिकेत मुलांसाठी आल्याच्या गोड पेयात लाल पाक घालून वर चेरी ठेवतात. त्यात मद्याचा थेंब नसतो, आणि त्याला शर्ली टेंपल या बालनटीचं नाव पडलं आहे. तेव्हा हा विषय इथेच संपवू.

मूळची ही चेरी एड्रियाटिक समुद्राच्या काठची. आज क्रोएशियात असलेल्या डाल्मेशिया या किनारपट्टीत मरास्का नावाची बारीक, काळसर आणि चवीला आंबट चेरी होते. तिथल्या झादर बंदरात या चेरीपासून मरास्किनो नावाचं मद्य काढत. जिरोलामो लुक्सार्दो या गृहस्थाने १८२१ साली तिथे आपली आसवनी सुरू केली. ताजं फळ चार दिवसांत नासतं, म्हणून ते त्याच्याच मद्यात आणि साखरेच्या पाकात बुडवून ठेवायचं, अशी तिथली साधी रीत. दुसऱ्या महायुद्धात झादरवर बाँब पडले, कारखाना बेचिराख झाला. घरातल्या वाचलेल्या माणसाने १९४७ साली इटलीत पादुआजवळ तोरेल्या गावी तो पुन्हा उभा केला, आणि तो आजही चालू आहे. त्यांची चेरी काळपट लाल असते. भडक नसते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला रंगाबद्दलच भांडायचं आहे.

मरास्का अमेरिकेत पोचली ती महाग वस्तू म्हणून. मग तिथल्या लोकांनी आपल्याकडच्या मोठ्या, फिक्या, गोड चेरीवर तोच प्रयोग सुरू केला. १९१२ साली अमेरिकी सरकारने नियम केला, की मरास्का चेरी आणि मरास्किनो मद्य असेल तरच ‘मरास्किनो चेरी’ म्हणा, नाहीतर नक्कल असं लिहा. ही अट पुढे टिकली नाही. आज तिथे याच नावाखाली रंगवलेली, साखर मुरवलेली, कडू बदामाच्या वासाची कोणतीही गोड चेरी विकता येते. पुष्कळ लोक सांगतात, की १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती म्हणून चेरीतलं मद्य गेलं. पण मद्याऐवजी मिठाच्या पाण्यात फळ टिकवण्याची खटपट दारूबंदीच्या आधीपासूनच चालू होती. कारण दारूबंदीपेक्षा जुनं होतं, आणि ते म्हणजे खर्च.

अडचण अशी होती, की मिठाच्या पाण्यात चेरी मऊ पडून लिबलिबीत होई. ओरेगॉन राज्यातल्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट वीगँड नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२० च्या दशकात यावर काम केलं, आणि पाण्यात चुनखडीच्या जातीचे क्षार घातले तर फळ टणक राहतं हे दाखवून दिलं. त्याबरोबर गंधकाचा वायू पाण्यात असला, की चेरीचा मूळ रंग उडून ती पिवळट पांढरी होते आणि नासत नाही. चार-सहा आठवडे या पाण्यात राहिलेली चेरी म्हणजे कोरी पाटी. मग ती धुवायची, साखर भरायची, रंग द्यायचा, वास द्यायचा.

सभासद हो, चुना आणि गंधक ही जोडी ऐकून तुम्हांला काही आठवलं का? आपल्याकडच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं हीच जोडी राबते आहे. उसाचा रस गाळून आला, की त्यात चुन्याचं दूध आणि गंधकाचा धूर सोडतात, गाळ खाली बसतो, रस निवळतो, आणि साखर पांढरी होते. ओरेगॉनच्या प्राध्यापकाची बरणी आणि आपलं रसशुद्धीकरण यांचं गोत्र असं एकच निघालं. आमच्या मते चेरीचा खरा अभ्यास करायला साखर कारखान्याच्या सभासदाइतका लायक माणूस दुसरा नाही.

आणखी एक गोष्ट याच घरातली. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात पडला किंवा जळीत ऊस वेळेत गाळला नाही, की उतारा घसरतो, हे आपण सोसलेलं आहे. आंबटपणा वाढतो आणि साखरेचा कण फुटून त्याची दोन हलक्या साखरांत वाटणी होते. त्या काही पोत्यात येत नाहीत, मळीत जातात. कारखान्यात चुना घालायचं एक कारण हा आंबटपणा मारणं हेच आहे. पण चेरीच्या बरणीत न्याय उलटा. तिथे साखर थोडी फुटावी लागते. सगळी साखर अखंड राहिली, तर दाट पाक महिनाभरात साखरतो, फळावर खडे धरतात आणि दाताखाली कचकच होते. म्हणून पाकात लिंबू पिळतात. कारखान्याचं जे नुकसान, ते बरणीचं राखण. मोरावळा करणाऱ्या आपल्या आया-आज्यांना शास्त्र ठाऊक नव्हतं, पण पाकात लिंबाचे चार थेंब टाकायला त्या चुकल्या नाहीत.

आता रंगाकडे येऊ. इथे आमचं मत थोडं कडक आहे. गंधकाने फळ कोरं केलं, म्हणजे रंग बाहेरून आणणं आलंच. अमेरिकेत चेरीला ज्या लाल रंगाची खास सवलत होती, तो चार नंबरचा लाल रंग १९७६ साली खाद्यपदार्थांतून बाद झाला. तीन नंबरचा लाल रंग, म्हणजे एरिथ्रोसिन, याची परवानगी तिथल्या सरकारने २०२५ च्या जानेवारीत काढून घेतली, आणि कारखानदारांना २०२७ च्या जानेवारीपर्यंत मुदत दिली. माणसाला त्यापासून कर्करोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तो मोठ्या मात्रेत दिलेल्या नर उंदरांत दिसला, हेही सांगायला हवं. उगाच घबराट आम्हांला पसरवायची नाही. आपल्याकडच्या पाकिटावर बारीक अक्षरांत १२२, १२४, १२७ असे आकडे असतात. ते कार्मोइसिन, पॉन्सो आणि एरिथ्रोसिन या रंगांचे क्रमांक. आकडा छापलेला आहे तोवर निदान काय खातो ते कळतं. पण जत्रेत, गाड्यावर, सुट्ट्या मालात आकडा कोण छापतो? तिथे कापड रंगवायचा रोडामाइन वापरला जातो, आणि त्यावरूनच कर्नाटक सरकारला २०२४ च्या मार्चमध्ये बुढ्ढी के बाल आणि गोबी मंचुरियन यांतल्या रंगावर बंदी घालावी लागली. आपली नातवंडं आधी ती लाल चेरी उचलून खातात आणि मग सरबत पितात, हे आपण रोज पाहतो. एवढी जी वस्तू पोराच्या पोटात जाते, ती दुसऱ्याच्या पिंपातून का यावी?

आता खरी गंमत. बेकरीत, पानपट्टीवर आणि आइस्क्रीमवर आपल्याकडे जी स्वस्तातली चेरी असते, ती पुष्कळदा चेरी नसतेच. ते आपलं करवंद असतं! सह्याद्रीच्या जाळीतलं कच्चं करवंद तोडायचं, बी काढायचं, मिठाच्या पाण्यात ठेवायचं, लाल रंगात बुडवायचं, साखरेच्या पाकात मुरवायचं, आणि चेरी म्हणून विकायचं. ज्या बाया काट्यांत हात घालून करवंदं तोडतात आणि घाटात पळसाच्या द्रोणातून विकतात, त्यांच्या हाती किती पडतं ते आपण पाहतोच. त्याच फळाला परदेशी नाव दिलं की काचेच्या बरणीत बसायचा मान मिळतो. आमची हरकत करवंदाला नाही, नावाला आहे. करवंद चेरीपेक्षा कमी नाही. त्याला स्वतःचा आंबटपणा आहे, जेलीसारखा दाटपणा आहे आणि पाकात शिजूनही ते अंग धरून राहतं. मग लपवायचं कशासाठी?

काश्मीरची खरी चेरी मे-जूनमध्ये मुंबई-पुण्याच्या बाजारात येते. ज्यांना ती परवडते त्यांनी अवश्य करावी. अर्धा किलो गडद चेरीच्या बिया काढाव्यात. पाव किलो साखर पावशेर पाण्यात विरघळवून एक उकळी आणावी, त्यात एका लिंबाचा रस, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा घालावा, फळ टाकून मंद आचेवर पाच मिनिटं ठेवावं आणि उकळून कोरड्या केलेल्या बरणीत भरावं. दोन आठवड्यांत मुरते. हा पाक पातळ असतो, रसासारखाच आंबेल, म्हणून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिन्या-दीड महिन्यात संपवावी. बदामाचा वास हवा असेल तर अर्काचा एखादा थेंब पुरे. काही जण चेरीची बी फोडून पाकात टाकायला सांगतात. तसं करू नये. तिच्यातून वास येतो, पण पोटात विषारी सायनाइडही तयार होतं.

करवंदाची रीत लांबणीची आहे, आणि तीच आम्हांला जास्त आवडते. फळ टणक घ्यावं, हिरव्यावर नुकती लाली चढू लागलेलं. धुऊन उभी चीर द्यावी आणि डोक्याच्या पिनेने बिया काढाव्यात. चिकाने बोटं चिकटतात, तेव्हा हाताला थोडं गोडं तेल लावावं. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ घालून त्यात फळ रात्रभर ठेवावं, म्हणजे चीक आणि तुरटपणा उतरतो. सकाळी धुऊन खायच्या चुन्याच्या निवळीत तीन-चार तास. निवळी म्हणजे वरचं स्वच्छ पाणी, खालचा गाळ नव्हे. पेठ्याच्या कोहळ्याला करतात तेच हे. नंतर चार-पाच पाण्यांतून चुना अगदी निपटून धुवावा आणि फळ उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून निथळावं.

पाकात घाई केली की सगळं बिघडतं. एकदम दाट पाकात फळ टाकलं, की पाक फळातलं पाणी भराभर ओढून घेतो, साखर आत शिरायला उसंत मिळत नाही, आणि करवंद बेदाण्यासारखं सुरकुततं. म्हणून एक किलो फळाला पहिल्या दिवशी चारशे ग्रॅम साखर आणि सहाशे ग्रॅम पाणी, इतका पातळ पाक. त्यात फळ बुडवून झाकावं. दुसऱ्या दिवशी फळ उपसून काढावं, पाकात दीडशे-दोनशे ग्रॅम साखर घालून उकळावं, कोमट झाल्यावर फळ परत सोडावं. असं पाच-सहा दिवस. तिसऱ्या दिवशी दोन लिंबांचा रस. शेवटी पाक दोनतारी व्हावा आणि फळ काचेसारखं पारदर्शक दिसावं.

ज्यांना तार पाहण्याचा सराव नाही, त्यांच्यासाठी आपल्याच धंद्यातला उपाय आहे. उसाची पक्वता पाहायला स्लीपबॉयकडे हातातला ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो. त्याची पट्टी साधारण बत्तीसपर्यंत असते, त्यामुळे पाक सरळ मोजता येत नाही. म्हणून वजनाने एक भाग पाकात दोन भाग पाणी मिसळावं आणि आलेल्या आकड्याची तिप्पट करावी. तेवीस-चोवीस आला तर पाक सत्तरच्या घरात गेला, बरणी फ्रिजबाहेर टिकेल. वीस आला तर अजून दोन दिवस आहेत. दहावी-बारावीच्या पोरांनी हा हिशेब एकदा स्वयंपाकघरात करून पाहावा. ब्रिक्स म्हणजे काय, हे मग कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

रंगासाठी बाजारात जायची गरज नाही. लहानपणी आपण करवंद तोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळलो आहोत. आतून लाल निघालेला तो कोंबडा. असे पाच-पन्नास पिकलेले कोंबडे कुस्करून त्यांचा रस गाळून घ्यावा आणि शेवटच्या दोन दिवसांत पाकात घालावा. हा रंग आंबटात लाल खुलतो आणि चुन्याच्या संगतीत निळसर काळपट पडतो, म्हणून तर आधी चुना निपटून धुवायला सांगितला. येणारा रंग पाकिटातल्या चेरीसारखा भडक नसेल. गडद, डाळिंबी असेल, आणि महिन्या-दोन महिन्यांत थोडा उतरेलही. आम्हांला तो तसाच बरा वाटतो.

आता यावरून कुणी वार्षिक सभेत उठून, कारखान्याने चेरीचा प्रकल्प काढावा अशी सूचना मांडेल, तर त्याला आमचा पाठिंबा नाही. करवंदाचा हंगाम पाच-सहा आठवड्यांचा, तोडणी हाताची, बी काढणं हाताचं. इमारत आणि यंत्रं दहा महिने गंजत राहतील आणि व्याज मात्र बारा महिने चालू राहील. असे सांगाडे सहकारात पुष्कळ उभे आहेत. पण गावातल्या बचत गटाने घरच्या चुलीवर पन्नास-शंभर बरण्या केल्या, तर त्यात बुडण्यासारखं काही नाही. विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी काढावी लागते, ती काढावी. आणि बरणीवर ‘करवंद’ असंच लिहावं. साखरेचा किमान विक्री दर केंद्राने २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला एकतीस रुपये केला होता. त्याच साखरेने भरलेल्या चेरीचं पाकीट आज काय भावाने मिळतं, ते सभासदांनी तालुक्याच्या दुकानात स्वतः विचारून पाहावं. आम्ही इथे आकडा देत नाही, कारण विचारून आलेला आकडा जास्त झोंबतो.

एक काळजी मात्र घ्या. सगळ्यांनीच डोंगरावर जाऊन कच्ची करवंदं ओरबाडली, तर पिकायला काही उरणार नाही, पाखरांनाही नाही आणि बी पडून नवी जाळी यायलाही नाही. ज्यांचं पोट त्या द्रोणावर आहे त्यांचंही नुकसान. त्यांच्याकडून योग्य भावाने विकत घ्या. त्याहून चांगलं म्हणजे बांधावर करवंदाचं कुंपण लावा. उसाच्या वाटचं पाणी ते मागत नाही, जनावर आत घुसू देत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ धरू लागतं. पावसाच्या तोंडावर पिकल्या फळातलं ताजं बी पेरलं तर चांगलं उगवतं, वाळवून ठेवलं तर दगा देतं.

बरण्या भरून झाल्यावर तळाशी लाल, आंबटगोड पाक उरतो. तो टाकू नका. थंड पाण्यात दोन चमचे घालून चिमूटभर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली, की उन्हातून आलेल्या माणसाला द्यायला उत्तम सरबत होतं. वर आपलंच एक करवंद.